शाळा लहान, मूल मोठं

दर वर्षी गणपतीला आम्ही पाच तास गाडी हाकत डॅलसला येतो. आरती होते, जेवणाची रांग लागते आणि हातात ताट घेऊन कोणीतरी विचारतंच, "तुमच्याकडे स्कूल डिस्ट्रिक्ट कसं आहे हो?" मी सांगतो, हायस्कुलात मुलं एकशेसाठ. "एका इयत्तेत?" "नाही, चारही इयत्ता मिळून." मग समोरच्या चेहऱ्यावर सांत्वनाला आलेल्या माणसाचे भाव उमटतात. मंडळी, आज स्मरणिकेच्या निमित्ताने स्पष्टच सांगतो. हे सांत्वन आम्हाला नको. करायचंच झालं तर ते तुमचं करायला हवं!

बायको डॉक्टर. जे-वन वेव्हरच्या तीन वर्षांच्या बोलीवर २०११ साली आम्ही पश्चिम टेक्सासमधल्या या गावात आलो. वस्ती तीन हजार, चहूकडे कापूस. मी मूळचा खामगावकडचा, त्यामुळे कापूस ओळखीचा वाटला, बाकी काहीच नाही. तीन वर्षं संपली की गाशा गुंडाळायचा हे ठरलेलं होतं. पण आज-उद्या करता करता मुलगी आठवीत पोचली. मग मात्र आम्ही घाबरलो आणि २०१८ साली डॅलसच्या एका उपनगरात, नामांकित शाळेच्या हद्दीत, घर बघून इसाराही देऊन बसलो.

बातमी गावभर झाली. एका संध्याकाळी शाळेचे बँडमास्तर दारात उभे. म्हणाले, "तुमची मुलगी गेली तर माझ्याकडे क्लॅरिनेट एकच उरेल."

मला रागच आला. तुमच्या क्लॅरिनेटसाठी मी पोरीच्या भवितव्याशी खेळू की काय? रात्री तेच तावातावाने बोलत होतो, तर मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, तिकडच्या शाळेत मी गेले नाही तर कोणाला कळेल?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इसारा बुडाला, आम्ही राहिलो.

माझं सगळं म्हणणं त्या एका प्रश्नात आहे. मोठ्या शाळेत मुलाची निवड होते, लहान शाळेत मुलाची गरज असते. तीन हजारांच्या शाळेत बँडसाठी चाचणी, नाटकासाठी चाचणी, संघासाठी चाचणी. जे निवडले जातात ते चमकतात. बाकीचे प्रेक्षकांत बसायला शिकतात आणि त्यांना महागडे क्लास लावून आपण पुढच्या चाचणीला पाठवतो. आमच्याकडे शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना बघायला या. हाफ टाइमला खेळाडू हेल्मेट काढतात आणि चिखलाने माखलेल्या जर्सीतच ट्रॉम्बोन घेऊन बँडबरोबर मैदानात उतरतात. कारण ते नसतील तर बँड उभाच राहत नाही. माझा मुलगा एकांकिकेच्या प्रकाशयोजनेला बसला तो आवड म्हणून नव्हे, दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून. टेक्सासच्या आंतरशालेय स्पर्धेत एकांकिकेला चाळीस मिनिटं मिळतात, वेळ ओलांडली की नाटक बाद. ‘पुरुषोत्तम’च्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच. आपण चुकलो तर सगळ्यांचं नाटक पडेल, हे पंधराव्या वर्षी कळणं कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

हे केवळ बापाचं कौतुक नव्हे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्ससमधल्या तेरा हायस्कुलांचा अभ्यास केला. सर्वांत लहान शाळेत विद्यार्थी ३५, सर्वांत मोठीत दोन हजारांवर. १९६४ साली त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा, की मोठ्या शाळेत उपक्रमांची विविधता जास्त असते. पण जबाबदारीच्या जागा लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जास्त येतात आणि कशातच नसलेली मुलं मोठ्या शाळेत अधिक सापडतात.

आता तुमचा खरा प्रश्न: कॉलेजचं काय? टेक्सासच्या १९९७ च्या कायद्याने राज्यातल्या प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश दिला. ऑस्टिनपुरती ही मर्यादा खाली येत येत २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्क्यांवर आली आहे. हवा तो विषय मिळेलच असं नाही. पण दार उघडतं, आणि ते आमच्या शाळेलाही तितकंच उघडतं. तुमच्याकडे मात्र हुशार मुलांच्या आयांनी आणि बापांनी मिळून एकाच शाळेत गर्दी केली आहे, आणि मग नव्वद टक्के मिळवणारं पोर घरी येऊन स्वतःला ‘ढ’ म्हणवून घेतं.

उणिवा आहेत, त्या लपवत नाही. एपीचे विषय तीन, बाकी कम्युनिटी कॉलेजचं ड्युअल क्रेडिट. शिक्षक मिळणं आणि टिकणं कठीण. मुलीच्या अकरावीत भौतिकशास्त्राच्या बाई नोव्हेंबरातच सोडून गेल्या. मुलं ऑनलाइन शिकली आणि वेल्डिंग शिकवणारे शेतीचे मास्तर शाळा सुटल्यावर त्यांच्याशेजारी बसून स्वतःही शिकले. वर्गात मराठी तर सोडाच, दुसरं भारतीय मूलही नव्हतं. दिवाळीचा फराळ एकट्याने वाटायचा आणि चकली म्हणजे काय ते चाळीस वेळा समजावायचं. हे एकटेपण खरं आहे. कधीकधी ते बोचलंही.

पण लहान गावातून आलेला माणूस कमी पडतो, हे मात्र ऐकून घेणार नाही. ज्यांच्या गव्हाने भारताच्या हरितक्रांतीला बळ दिलं, ते नॉर्मन बोरलॉग आयोवातल्या क्रेस्को नावाच्या छोट्या गावच्या हायस्कुलात शिकले, तिथे कुस्ती खेळले. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत ते चक्क नापास झाले होते! आडवाटेने आत शिरले आणि १९७० साली शांततेचं नोबेल घेऊन गेले.

आणि इतकं लांब कशाला जायचं? आपल्यातले कितीजण जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंजीवर बसून शिकले? कितीजणांना रयत शिक्षण संस्थेच्या एखाद्या शाळेने घडवलं? मास्तर बापाला बाजारात गाठून "पोरगं गणितात चाललंय बरं का" म्हणायचे, तीच तर आपली पुंजी होती. त्याच शिडीने इथवर चढून आलेली माणसं आज तशाच शाळेचं नाव ऐकून नाक मुरडतात, हे मला पटत नाही.

मुलगी २०२२ साली पास झाली. ती कोणत्या कॉलेजात गेली हे मुद्दामच लिहीत नाही. ते लिहिलं तर वरचं सगळं सोडून तेवढंच वाचलं जाईल. फुटबॉलच्या मोसमात सुट्टीवर आली की अजूनही ती शुक्रवारी मैदानावर जाते आणि नव्या क्लॅरिनेटवाल्या मुलांची शिट्टी-घोटाळ्यातून सुटका करते. तिला कोणी बोलावत नाही. तिला ठाऊक असतं, की तिथे माणूस कमी आहे.

पुढच्या गणपतीत रांगेत भेटूच. प्रश्न तेवढा बदला: "तुमच्या मुलावाचून शाळेत कोणाचं अडतं का?" आधी मला विचारा. मग मी तुम्हाला विचारीन.