कृषिदूतांना धानाचा हिशेब करू द्या

खरीप लागला की गावोगाव कृषिदूत आणि कृषिकन्या येतात. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा हा ग्रामीण कार्यानुभव. १९९२ च्या रंधावा समितीने त्याचा आग्रह धरला होता. हेतू चांगला. होते काय? दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, वर तरंगलेले पोचट धान बाजूला, मग बॅनर, फोटो आणि वहीवर शेतकऱ्याची सही. या बीजप्रक्रियेला आम्ही नावे ठेवत नाही, आमचीही पदवी शेतीचीच आहे. पण तिचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले आहे. पोरांनी शोधायचे काय?

गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीतल्या धानउत्पादकाचा प्रश्न घ्या. २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. केंद्रावर १७ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. २० टक्के ओलाव्याचे क्विंटलभर धान १७ वर आणले तर सुमारे ३.६ किलो वजन जाते, म्हणजे ८५ रुपये. व्यापारी ओले धान त्याहून किती कमी भावाने मागतो? वाळवणे, बारदाना, गाडीभाडे आणि चुकाऱ्याची वाट पाहणे धरून शेतकऱ्याने धान कुठे घालावे? आणि पऱ्ह्यापासून मळणीपर्यंत, घरच्या बाईमाणसांची मजुरी लावून, ते क्विंटल मुळात पडले कितीला? अहवालात खर्चाचा तक्ता असतो, पण ओसरीवर बसून तासाभरात भरलेला.

१९६९ साली अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. त्याच वर्षी कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने डॉक्टरकीच्या मुलांपुढे आधी रोग्याची तक्रार ठेवायला सुरुवात केली. ती सोडवताना जे शास्त्र लागेल ते मुलांनी शिकायचे. पुढे जगभरच्या वैद्यकीय शाळांनी ती रीत उचलली. आमच्या कृषी महाविद्यालयांना तर रोगी शोधायलाही जायला नको, बांधीच्या धुऱ्यावर उभा आहे!

आमची मागणी साधी आहे. दोन मुलांमागे एक शेतकरी द्या. रोवणीपासून काट्यापर्यंत त्यांनी रुपया न् रुपया लिहावा. सत्र संपले तरी धान विकेपर्यंत हिशेब उघडा राहावा. तो गावासमोर वाचून दाखवावा, चुकला तर शेतकऱ्यांनी तिथेच टोकावे आणि गुण त्यावर मिळावेत. प्राध्यापक म्हणतील, अभ्यासक्रमात बसत नाही. मग अभ्यासक्रम कुणासाठी आहे?

शेतकरी भावांनो, बहिणींनो, येत्या खरिपात पोरे आली की त्यांना जेवू घाला, बांधी दाखवा, खर्चाचे खरे आकडे सांगा. वहीवर सही मात्र हिशेब पाहूनच करा.