विहिरीचा पंप, घरची बॅटरी आणि एकच ऊन

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या वेशीपर्यंत आता उलव्याच्या इमारती येऊन भिडल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळही हाकेच्या अंतरावर आहे. विजेच्या तारा येथे पोहोचण्याचा प्रश्न केव्हाच संपला. मात्र खाडीपलीकडच्या घारापुरी बेटाला समुद्राखालून टाकलेल्या केबलने वीज मिळण्यासाठी फेब्रुवारी २०१८ उजाडावा लागला, हेही याच परिसराचे वास्तव आहे. तारांपासून दूर असलेल्या शेतघरांना आज सौर पंप मिळतो. घरातला दिवा मात्र त्या योजनेत बसत नाही.

राज्य सरकारच्या २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींतील शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. बाकीचा भार सरकारचा. तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३००० वॉटचे पॅनेल लागतात आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्यांतून सुमारे १२ युनिट वीज निर्माण होऊ शकते. उथळ विहिरीतून १० मीटर उंचीवर ५० हजार लिटर पाणी चढवायचे, तर पंपाची घट धरूनही चारएक युनिट पुरतात. उरलेली वीज निर्माणच होत नाही, कारण ती घेणारे कोणी नसते. याउलट, २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेने दुर्गम घरांसाठी जो सौर संच ठरवला, तो अवघा २०० ते ३०० वॉटचा होता: पाच दिवे, एक पंखा. शेतात दहापट पॅनेल आणि घरात अंधार, ही विसंगती दोन योजनांच्या दोन फायलींतून जन्मली आहे.

अर्थात, पंपाची वायर काढून बॅटरीला जोडण्याइतके हे सोपे नाही. पंपाच्या पॅनेलांचा दाब शेकडो व्होल्टचा, तर घरची बॅटरी १२, २४ किंवा ४८ व्होल्टची. थेट जोडणी म्हणजे अपघाताला निमंत्रण. एकाच पॅनेलवर दोन नियंत्रक एकाच वेळी बसवले, तर ते परस्परांशी झगडत राहतात. तेव्हा वाटणी विजेची नव्हे, वेळेची करावी लागते. पाणी उचलण्यासाठी पंपाला किमान काही शक्ती हवीच, म्हणून दुपारचे कडक ऊन त्याचे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन बॅटरीला पुरते. ढगाळ दिवशी मात्र बॅटरीला पहिला मान द्यावा. पीक एक दिवस थांबू शकते; शिसे-आम्लाची बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली तर कायमची निकामी होते. आणि पाणी साठवायला बॅटरी कशाला? उंचावरची टाकी हीच त्याची सर्वात स्वस्त बॅटरी. (विहीर घरापासून लांब असेल, तर जाड केबलचा खर्च हिशेबात धरावाच लागेल.)

कोकणात पावसाळ्याचे चार महिने पंप जवळपास बंदच असतो. ऊनही तेव्हा मंद असते हे खरे, पण उत्पादन पाचव्या हिश्श्यावर आले तरी दोन युनिटांहून अधिक वीज मिळते. एका लहान घराचे दिवे, पंखा आणि मोबाइल त्यावर चालतात.

आणखी एक मुद्दा सहसा चर्चेत येत नाही. फुकटची वीज वाया जाऊ नये म्हणून दिवसभर पंप चालवला, तर खाडीकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरण्याचा धोका वाढतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून जास्तीची सौर वीज वीज कंपनीला विकली. त्यांच्या विजेला उपशाखेरीज दुसरी वाट मिळाली. तारा नसलेल्या शेतात ती वाट बॅटरीच देऊ शकते.

केंद्राच्या कुसुम योजनेने पंपाच्या पॅनेलवर पिठाची चक्की, कडबाकुट्टी, शीतगृह चालवू देणाऱ्या सार्वत्रिक नियंत्रकाला मान्यता दिली आहे. तो प्रत्येक पंपासोबत दिला जात नाही, आणि शेतकऱ्याने स्वतः जोडणीत फेरफार केल्यास पाच वर्षांच्या हमीवर वाद उद्भवू शकतो. बॅटरीची जोडणी पुरवठादारानेच करून द्यावी, अशी अट निविदेत घालणे सरकारला अवघड नाही. गव्हाणमधील घरमालकाला छतावरील सौर संचासाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. मात्र ते वीज कंपनीच्या ग्राहकालाच मिळते; तारा न पोहोचलेले शेतघर त्यातूनही वगळले जाते.