पंचवीसपैकी किती?

मार्क फक्त आपल्यालाच पडतात असं समजू नका. दम्याच्या पेशंटलाही पडतात! 'अस्थमा कंट्रोल टेस्ट' ही प्रश्नावली 2004 साली प्रसिद्ध झाली. गेल्या चार आठवड्यांबद्दल पाच प्रश्न: कामात अडथळा किती, धाप किती वेळा लागली, रात्री झोपमोड किती, तात्पुरत्या आरामाचा पंप किती वेळा घेतला, आणि तुमच्या मते दमा किती आटोक्यात आहे. प्रत्येकी 1 ते 5 गुण. 20 किंवा त्याहून जास्त तर दमा ताब्यात, 15 किंवा त्याहून कमी तर फारच बिघडलेला.

माझ्या मते कल्पना झकास आहे. आमच्या ईटला "काकू, दम कसा आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बरा हाय की!" त्यावरून डॉक्टरांनी औषध काय ठरवायचं? मोजून विचारलं की माणूस आठवायला लागतो.

पण दिवाळीच्या सुट्टीत काकूंना हेच प्रश्न विचारले, तर आले 22. एकदम डिस्टिंक्शन! आमचा भूम तालुका खव्याचा. काकू पूर्वी लाकडाच्या भट्टीवर दूध आटवायच्या. आता धूर सोसत नाही म्हणून तिकडे जातच नाहीत. काम सोडलं, मग अडथळा कसला? पाच गुण. पंप संपून दोन महिने झालेले, त्यामुळे 'एकदाही घेतला नाही'. पुन्हा पाच! नवा का नाही आणला? तर म्हणे सवय लागते. (लागत नाही हो. रोजचा पंप श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो. आरामाचा पंप सारखा लागणं ही सवय नव्हे, दमा बिघडल्याची खूण आहे.)

सेन्सरची वायर तुटली तरी मीटर शून्यच दाखवतो, हे आपल्याला लॅबमध्ये पहिल्याच वर्षी कळतं. म्हणून विचारणाऱ्याने आणखी दोन प्रश्न जोडावेत: दम्यामुळे कोणतं काम सोडलं? आणि पंप घरात आहे का? वर्षभरात मोठा अटॅक येऊन गेला का, हेही वेगळं विचारावं लागतं, कारण प्रश्नावली चार आठवड्यांच्या मागे बघतच नाही.

आपल्या होस्टेलातही 'सर्दी आहे' म्हणून क्रिकेट सोडलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. रेक्टर सरांनी हा कागद, जोडप्रश्नांसकट, सिक रूममध्ये ठेवावा. झेरॉक्सचा खर्च आम्ही वर्गणी काढून करू.