बदललेला इंप्लांट आणि आकाराची चिंता

लज्जेस्तव जो प्रश्न घरांत कोणी काढीत नाहीं, तो आमच्या ताडकळसासारख्या गांवींहि एखाद्याच्या मनांत सलत असतो; म्हणून आम्ही येथें लिहीत आहोंत. मधुमेहादि कारणांनीं आलेलें पुरुषेंद्रियाचें शैथिल्य औषधांनीं न हटल्यास आंत कृत्रिम नळ्या बसवितात. फुगवितां येणाऱ्या नळ्यांचा प्रयोग अमेरिकेंत १९७३ सालीं प्रसिद्ध झाला, मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनीं तयार केलेला अर्धकठीण इंप्लांट आपल्याकडे वापरांत आहे.

हें साधन कालांतरानें बिघडल्यास बदलावें लागतें. मग आकार घटेल काय, ही भीति असते. नुसता बिघाड असेल, तर जुनें काढून त्याच वेळीं नवें बसवितात व आकारांत सहसा मोठा फरक पडत नाहीं. फिरून माप घेतां किंचित् लांब नळी बसल्याचींहि उदाहरणें आहेत. परंतु पू होऊन साधन काढलें आणि दुसरें बसविण्यास महिने लोटले, तर आंत व्रणतंतु दाटून आकुंचन होतें व लांबी घटते.

यास्तव ताप, लाली वा ठणका जाणवतांच संकोचांत दिवस न दवडितां शस्त्रवैद्यांस गांठावें. शस्त्रक्रियेनें कार्य परत मिळतें, तारुण्यांतील माप मिळेलच असें नव्हे. हें पतिपत्नी दोघांनींहि आधींच डॉक्टरांसमोर बसून समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.