भाडेकरूला पत्ता द्या

घरकुल म्हटले की सोलापुरात कुंभारीचे नाव निघते, आणि निघायलाच हवे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायका लढल्या, आणि २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे त्यांच्या हाती आली. पुढे त्याच कुंभारीत ३०,००० घरांचे रे नगर मंजूर झाले. त्यातल्या १५,००० घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. ही कोणाची मेहेरबानी नव्हती.

पण ज्याची स्वतःचा हिस्सा भरण्याचीही ऐपत नाही, त्याने काय करायचे? केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळाले, तरी उरलेली रक्कम लाभार्थ्यानेच उभी करायची असते. रोजंदारीवरच्या माणसाला बँक दारात उभी करत नाही. त्याला मालकीचे नव्हे, परवडणाऱ्या भाड्याचे घर हवे. २०२० च्या टाळेबंदीत मजूर रस्त्यावर आले तेव्हा सरकारला हे उमगले आणि भाड्याच्या घरांची योजना निघाली. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्येही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. सरकारी खर्चाने बांधलेली रिकामी घरे भाड्याने देण्याची त्यात सोय आहे. आमच्या मोहल्ल्यांत मात्र ती मागायला कोणी जात नाही.

आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक. शाळा सुटली की पालक फॉर्म घेऊन येतात आणि आम्ही ते भरून देतो. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत, देशात कुठेही पक्के घर नाही, या अटींत ते सहज बसतात. गाडी अडते ती पत्त्यावर. राहतात नई जिंदगीत, आधारवर पत्ता शास्त्रीनगरचा, रेशनकार्ड विजापूर वेशीचे! चौकशीला माणूस गेला तर कोणत्या दारी जाणार? नोंदणीकृत भाडेकरार असेल तर आधारवरचा पत्ता बदलता येतो. पण घरमालक करारच करत नाही.

आणि हा घरमालक कोण? बहुतेक वेळा आमचाच. मोहल्ल्याबाहेर नाव ऐकताच घर नाकारतात, ही तक्रार आम्ही मंचावरून करतो, ती खरीच आहे. पण बाहेरची दारे बंद असल्याचा फायदा आतला मालक उठवतो, त्यावर कोणी बोलायचे? पत्र्याच्या एका खोलीचे भाडे, वर डिपॉझिट, आणि पावती मागितली की “खाली करा!”

मालक म्हणतात, लिहून दिले तर भाडेकरू घर बळकावेल. कायदा नेमका उलट सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी करार नसेल, तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल, तर कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर खाली करून मिळते. न सोडणाऱ्याला दुप्पट भरपाई द्यावी लागते. मग कागद कोणाचे रक्षण करतो? उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही ताकीद तर सूरह बकराहमध्येच आहे. जुम्म्याला पहिल्या सफेत बसणाऱ्या मालकांना ती ठाऊक नाही काय?

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. प्रत्येक जमातीने आपल्या मोहल्ल्यातल्या मालकांना बोलावून करार करायला लावावेत. मशिदीच्या मालकीच्या खोल्यांपासून सुरुवात करावी. आणि सोलापूर महापालिकेने सरकारी पैशातून बांधलेली किती घरे रिकामी आहेत, त्यातली किती भाड्याने देणार, याचा हिशेब वॉर्डावॉर्डांत लावावा, मराठीत आणि उर्दूत.

दुसरी मागणी घेऊन आम्ही महापालिकेच्या दारात जाऊच. पण तिथे ताठ मानेने उभे राहायचे असेल, तर पहिले काम आधी आपल्या घरात व्हायला हवे.