गाडी घसरली की रस्ता चुकला?



यंदाच्या पहिल्या पावसात आपल्या नववीतील एक विद्यार्थिनी वडिलांच्या स्कूटरवरून शाळेसमोरच्या वळणावर पडली. मनगट मोडले. जमलेले लोक म्हणाले, "गाडी स्लिप हो गई, तेज चला रहे होंगे." बाबा तिशीच्या आतच चालवत होते, असे मुलीने मला सांगितले. पण एका वाक्यात सारा दोष चालकावर गेला आणि रस्ता सुटला.

गाडी थांबते ती टायर व रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. वाहतुकीने खडी झिजून गुळगुळीत होते. आपल्या माळव्याच्या उन्हात जादा डांबर वर येऊन खडी झाकली जाते. पहिल्या सरीत त्यावर तेल, धूळ आणि पाण्याचा निसरडा लेप बसतो.

दहावीच्या वर्गात मी फळ्यावर हिशेब मांडला. ताशी ४० कि.मी. वेग आणि घर्षणांक ०.७ असेल, तर ब्रेक लागल्यावर गाडी सुमारे ९ मीटरांत थांबते. झिजलेल्या, ओल्या रस्त्यावर घर्षणांक निम्मा झाला, तर १८ मीटर लागतात. चालक तोच, वेग तोच, ब्रेकही तेच! मधल्या ९ मीटरांत एखादे मूल रस्ता ओलांडत असेल तर?

ब्रिटनमध्ये प्रमुख रस्त्यांची पकड मोजून सुधारण्याचे धोरण १९८८ मध्येच आले. आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. पण मागणी कोणी करायची?

हेल्मेट आणि बेताचा वेग हवाच, त्यात सवलत नाही. मात्र केवळ चालकाला उपदेश करून भागणार नाही. आणि एक कबुली देते. गेल्या वर्षी आपणच हौसेने त्या वळणावर साध्या ऑइलपेंटचे पट्टे रंगवले होते. ओले झाल्यावर असा रंग डांबरापेक्षा निसरडा होतो, हे घर्षणाचा धडा शिकवणाऱ्या माझ्याही ध्यानात आले नाही.

ते पट्टे आता खरवडून काढत आहोत. त्या वळणाची पकड तपासून तिथे खरखरीत थर द्यावा, असा अर्ज कार्यालयात ठेवला आहे. येत्या शनिवारी मुलांना घ्यायला याल तेव्हा त्यावर सही करावी, ही विनंती.

आपली,
मुख्याध्यापिका