कपाटाबरोबर वेदनेचीही तपासणी व्हावी

ज्या रुग्णाचा आजार आता बरा होणार नाही, त्याची वेदना कमी करणारे, त्याचे उरलेले दिवस सन्मानाने जावेत म्हणून झटणारे केंद्र म्हणजे हॉस्पिस. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस. पुढे इतर शहरांतही अशी केंद्रे निघाली. पण गरजेच्या मानाने ती फारच थोडी आहेत. जगात ज्यांना अशा सेवेची गरज आहे त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंतच ती पोहोचते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडची बरीचशी केंद्रे दानावर चालतात. त्यामुळे सरकारी तपासणीचा विषय निघाला की चालकांकडून एक प्रश्न हमखास येतो: "आम्ही मोफत सेवा करतो, मग आमच्यामागे हा ससेमिरा कशाला?"

या प्रश्नामागची भावना समजू शकते, पण तो मान्य करता येत नाही. खाट मोफत असली म्हणून रुग्णाचा हक्क कमी होत नाही. सन्मानाने मरण येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केले आहे. शिवाय इतर दवाखान्यातला रुग्ण बरा होऊन बाहेर येतो आणि तक्रार करू शकतो. हॉस्पिसमधला रुग्ण तक्रार करायला मागे उरत नाही. त्याच्या घरचे मजुरी बुडवून आलेले असतात, उपकाराच्या ओझ्याखाली दबलेले असतात. ते गप्प राहतात. जिथे तक्रार करणाराच नसतो, तिथे बाहेरून कोणीतरी येऊन पाहणे अधिक गरजेचे असते.

मात्र देखरेख कशी नसावी, याचा धडाही आपल्याच देशात आहे. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. हेतू योग्य होता. पण किमान दहा वर्षांच्या तुरुंगवासाची धास्ती आणि चार-पाच खात्यांचे निरनिराळे परवाने, यामुळे रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. अफूचे कायदेशीर पीक मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात निघत होते, त्यातली अफू परदेशात जात होती; आणि इथला कर्करोगाचा रुग्ण एका गोळीवाचून तळमळत होता. कपाटे सुरक्षित राहिली, माणसे सोसत राहिली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला, वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असेल तर, मॉर्फिन ठेवता येते. वेगवेगळ्या परवान्यांची गरज राहिलेली नाही.

महाराष्ट्रात एकूणच नियम कडक झाले आहेत. १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालील नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे, तक्रार ऐकण्याची सोय ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी जानेवारीत भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बालके गेली आणि अग्निसुरक्षेकडे सर्वांचे लक्ष वळले. हॉस्पिसनेही हे नियम दारात येण्याआधी तयारीला लागले पाहिजे.

तयारी म्हणजे तपासणीच्या आदल्या रात्री जागून वह्या भरणे नव्हे. माझ्या मते चार गोष्टींपासून सुरुवात करावी.

पहिली, मॉर्फिनची नोंद. किती गोळ्या आल्या, कोणाला किती दिल्या, किती उरल्या, हे रोजच्या रोज लिहावे आणि पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजावे. हिशोब स्वच्छ असेल तर डॉक्टर न घाबरता औषध लिहितो. हिशोब गोंधळाचा असेल तर भीतीपोटी डोस कमी होतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

दुसरी, वेदनेची नोंद. शून्य ते दहा या मापात दुखणे किती आहे, हे प्रत्येक पाळीत रुग्णालाच विचारावे. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास काम करते. तेव्हा रात्रीचे औषध कसे द्यायचे आणि मध्येच दुखणे उसळले तर काय करायचे, हे डॉक्टरांनी लिहून ठेवलेले असावे. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषधही सोबत हवे. नर्सिंगच्या वहीत या गोष्टी दिसल्या पाहिजेत.

तिसरी, आग. परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. पण कागद रुग्णाला उचलून बाहेर नेत नाही. हॉस्पिसमधले बहुतेक रुग्ण चालू शकत नाहीत. रात्रपाळीत दोनच माणसे असतील तर ती कोणाला, कशी, कोणत्या दाराने नेणार, याची तालीम व्हायला हवी.

चौथी, रुग्णाचे म्हणणे. त्याला काय सांगितले, त्याने कशाला संमती दिली, कशाला नकार दिला, हे त्याच्या भाषेत समजावून मग लिहावे. अंगठा उठवून घेतला म्हणजे संमती झाली, असे मानू नये.

लहान संस्थेला हा भार जड जाईल, हे खरे आहे. तीन परिचारिकांनी रुग्णाची कूस बदलायची की रकाने भरायचे? म्हणून सरकारचीही जबाबदारी येते. महापालिका, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अन्न व औषध प्रशासन यांनी तीच माहिती चार वेळा मागू नये. तपासणीसाला उपशामक सेवेचे प्राथमिक प्रशिक्षण द्यावे. पहिल्या किरकोळ त्रुटीला दंडाऐवजी दुरुस्तीची मुदत द्यावी. लपवाछपवी आणि हेळसांड यांना मात्र माफी नको. आणि तपासणीच्या नमुन्यात एक रकाना सक्तीचा करावा: आज इथल्या किती रुग्णांचे दुखणे आटोक्यात आहे? कपाटाचे कुलूप तपासणाऱ्याने दोन पावले पुढे जाऊन खाटेवरच्या माणसालाही विचारले पाहिजे.

वाचकांनीही यात मागे राहू नये. घरातल्या माणसाला हॉस्पिसमध्ये ठेवायची वेळ आली तर संकोच न करता विचारा: नोंदणी आहे का? मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे का? रात्री कोण असते? दुखणे वाढले तर डॉक्टर किती वेळात येतात? तक्रार कोणाकडे करायची? चांगली संस्था या प्रश्नांवर रागावणार नाही. आपल्या वस्तीतल्या माणसाला आयुष्यभर रांगेत उभे राहून हक्क मागावा लागला. निदान शेवटच्या खाटेवर तरी वेदनेतून सुटका त्याला मागावी लागू नये.